बारा दिवसांचे पैसे किती?

भाकरी टाकून झाल्या असतील तर बसा, झाल्या नसतील तर हात चालू द्या आणि कान इकडे ठेवा. आज आम्ही गाडीच्या विम्याबद्दल बोलणार आहोत. ‘आमच्या दारात कुठं गाडी हाय’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे, ज्यांनी कर्ज काढताना बँकेत एखाद्या विम्याच्या कागदावर सही केली आहे, त्या सगळ्यांसाठी ही गोष्ट आहे.

गोष्ट आमच्याच बचत गटातली आहे. जिची आहे तिनं नाव सांगू नका म्हटलं, म्हणून आम्ही तिला नुसतं ताई म्हणतो. ताई हळद दळून विकते. आपल्याकडं वसमतचा हळदीचा बाजार मोठा. तिथून कांडी आणायची, घरी दळायची, पुड्या बांधायच्या आणि हिंगोली, नांदेडच्या बाजारात स्टॉल लावायचा. एसटीच्या टपावर पोती टाकून तिनं चार वर्षं काढली. मग नवराबायकोनं नांदेडहून एक जुनी चारचाकी घेतली. गाडी चालवतो नवरा, पण घेतली ताईच्या नावावर. थोडे पैसे तिचे, थोडे माहेरचे आणि ४० हजार रुपये आमच्या गटाचं अंतर्गत कर्ज. म्हणून या गाडीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब आमच्या बैठकीत होतो.

आधीच्या मालकाचा विमा संपलेला होता. गाडी नावावर करून देणाऱ्या एजंटानंच नवा विमा काढून दिला. वर्षाचे १४,६०० रुपये, जीएसटी धरून. ताईनं पैसे भरले, मोबाईलवर पॉलिसी आली, तिनं ती उघडूनही पाहिली नाही. आपण तरी कुठं पाहतो?

आठव्या दिवशी आमची बैठक होती. कर्जाचा हिशेब लिहिताना आमच्या सीआरपी ताईंनी ती पॉलिसी मोबाईलवर मोठी करून मोठ्यानं वाचली. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली गोष्ट. त्यात मालक-चालकाचा अपघात विमा लावला होता, १५ लाखांचा. तो असतो गाडीच्या मालकासाठी, पण त्याला एक अट आहे. मालकाकडं गाडी चालवायचं चालू लायसन पाहिजे. ताईकडं लायसनच नाही. म्हणजे तिला काही झालं असतं तर या भागातून एक रुपया मिळाला नसता, आणि पैसे मात्र घेतले होते. ज्या मालकाकडं लायसन नाही त्याच्याकडून या भागाचे पैसे घ्यायचेच नाहीत, असा नियम २००२ सालच्या मोटार टॅरिफपासून आहे.

दुसरी गोष्ट. टायरचं संरक्षण, किल्ली हरवली तर भरपाई, रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत, असे तीन-चार जादा भाग जोडलेले होते. यातलं काहीही ताईला विचारलेलं नव्हतं.

एका बाईचा मुलगा नांदेडला शिकतो. त्यानं दुसऱ्या कंपनीचा भाव काढला. गाडीची धरलेली किंमत तेवढीच, थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान दोन्ही त्यात, आणि रक्कम १०,९५० रुपये, जीएसटीसह. ३,६५० रुपयांचा फरक!

इथं थोडं थांबून समजून घेऊ. कारच्या पूर्ण विम्यात दोन मुख्य भाग असतात. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्या कोणाला इजा झाली, कोणाचा जीव गेला, तर त्याची भरपाई देणारा भाग. तो कायद्यानं सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या कारला ३,४१६ रुपये ठरले, त्यावर जीएसटी वेगळा. हा भाग कोणत्याही कंपनीकडं घेतला तरी दर तोच. मग फरक पडतो तो दुसऱ्या भागात, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, आणि वर जोडलेल्या जादा गोष्टींत. भाव करायचा तो तिथं.

आणि स्वस्त दिसलं म्हणून लगेच भुलायचं नाही. पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा एक आकडा असतो. ती गाडीची विम्यापुरती धरलेली किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर जास्तीत जास्त तेवढेच पैसे मिळतात. काही वेळा हा आकडा कमी धरून विमा स्वस्त दाखवतात. आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून आधी तो आकडा ताडून पाहिला, मगच पुढं गेलो.

ताईनं एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, “आक्का, पॉलिसी एकदा निघाली की कॅन्सल होत नसते. दादाला फोन द्या, मी त्यांना समजावतो.” ताई म्हणाली, “गाडी माझ्या नावावर हाय, पॉलिसी माझ्या नावावर हाय, जे सांगायचं ते मलाच सांगा.” मग त्याचा सूर बदलला. कॅन्सल होईल, पण २० टक्के कटतील. वर फाईलचे ५०० रुपये रोख. आणि परत येणारे पैसे त्याच्या खात्यावर येतील, तो आणून देईल.

बायांनो, या एका फोनमध्ये तीन चुकीच्या गोष्टी होत्या. आम्हाला त्या दिवशी त्यातली एकच कळली, बाकीच्या शिकताना पंधरवडा गेला. तुम्हाला आज एकदम सांगतो.

पॉलिसी रद्द होत नाही, ही पहिली. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारं एक सरकारी प्राधिकरण आहे, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण. त्याचं मुख्य कार्यालय हैदराबादला आहे. त्यानं ११ जून २०२४ रोजी सर्वसाधारण विम्यासाठी एक मोठं परिपत्रक काढलं. त्यात स्पष्ट आहे की साधा ग्राहक आपली पॉलिसी मुदतीत केव्हाही रद्द करू शकतो. कारणसुद्धा सांगावं लागत नाही. उलट कंपनीला मात्र आपली पॉलिसी मनाला येईल तशी रद्द करता येत नाही. ग्राहकानं फसवणूक केल्याचं सिद्ध झालं तरच, आणि तेही किमान सात दिवसांची नोटीस देऊन.

२० टक्के कटतील, ही दुसरी. हा आकडा त्यानं हवेतून काढला नव्हता. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये तसा तक्ता होता. ग्राहकानं मध्येच पॉलिसी सोडली तर एका महिन्यापर्यंत वर्षाच्या रकमेचे २० टक्के कंपनी ठेवून घेई, दोन महिन्यांपर्यंत ३० टक्के, तीन महिन्यांपर्यंत ४० टक्के, असं चढत जाई. आठ महिने उलटले की काहीच परत नाही. पण २०२४ च्या परिपत्रकानं हिशेब बदलला. पॉलिसी एक वर्षाची किंवा त्याहून कमी मुदतीची असेल आणि त्यात एकही क्लेम घेतलेला नसेल, तर उरलेल्या दिवसांचे पैसे त्या प्रमाणात परत द्यायचे. जेवढे दिवस वापरले तेवढ्याच दिवसांचे पैसे कंपनीचे.

परत येणारे पैसे एजंटाच्या खात्यावर, ही तिसरी. हे तर विमा कायदा १९३८ मध्येच बसत नाही. त्याचं कलम ६४ व्हीबी सांगतं की पॉलिसी रद्द झाल्यावर परत द्यायची रक्कम कंपनीनं थेट विमा घेणाऱ्याला द्यायची, एजंटाच्या खात्यात ती कधीच जमा करायची नाही.

आता रद्द करताना आम्ही काय केलं ते ऐका. यातला क्रम चुकवू नका.

आधी दुसरी पॉलिसी घेतली, आणि नंतर पहिली रद्द करायला टाकली. कारण विम्याशिवाय गाडी एक दिवसही रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे पहिल्यांदा सापडलं तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा. त्या एका दिवसात गाडीखाली कोणाचं लेकरू आलं तर? भरपाई आपल्या घरातून द्यावी लागेल. दोन-अडीच एकर हळदीचं रान अशा एका दिवसात जाऊ शकतं. म्हणून एक-दोन दिवस दोन्ही पॉलिस्या चालू राहिल्या तर राहू द्या, मध्ये खंड पडू देऊ नका. कंपनीसुद्धा दुसऱ्या विम्याचा कागद मागतेच.

मग ताईनं अर्ज लिहिला. ज्यांना लिहून घ्यायचा त्यांनी वही घ्या, हळूहळू सांगतो.

“माझ्या नावावर अमुक नंबरची पॉलिसी अमुक तारखेपासून आहे. गाडीचा नंबर अमुक. मी ही पॉलिसी अमुक तारखेपासून रद्द करत आहे. या पॉलिसीत मी कोणताही क्लेम घेतलेला नाही. गाडीचा दुसरा विमा घेतला आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. उरलेल्या दिवसांचे पैसे सोबतच्या पासबुकावरील माझ्या खात्यात जमा करावेत आणि काही रक्कम कापली तर तिचा हिशेब व नियम लेखी कळवावा.” खाली सही, तारीख, मोबाईल नंबर.

हा अर्ज एजंटाच्या हातात दिला नाही. पॉलिसीवर कंपनीचा ईमेल आणि पत्ता असतो. ईमेलही केला आणि स्पीड पोस्टानंही पाठवला. पोस्टाची पावती गटाच्या फाईलला लावली. गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेलाही कळवा, कारण पॉलिसीवर बँकेचं नाव असतं.

पॉलिसी सुरू होऊन १२ दिवस झाले तेव्हा ती रद्द झाली. थोड्या दिवसांनी ताईच्या खात्यावर पैसे आले. ११,६८० रुपये. आता तुम्हीच सांगा, बरोबर आले का?

आमच्या गटातली सगळ्यात म्हातारी बाई शाळेत गेलेली नाही, पण हिशेब तिनंच केला. १४,६०० भागिले ३६५. दिवसाचे ४० रुपये. १२ दिवसांचे ४८०. १४,६०० मधून ४८० गेले, राहिले १४,१२०. आले ११,६८०. कमी आले २,४४० रुपये. कंपनीनं तोच जुना २० टक्क्यांचा तक्ता लावून २,९२० कापले होते.

म्हातारी म्हणाली, “बारा दिवस वापरलं तर बारा दिवसांचं घ्या. महिनाभर राबायला बोलावलं आन बारा दिवसांनी काम थांबलं, तर आपल्याला कोणी महिन्याची मजुरी देतंय का?”

काही बायांचं म्हणणं होतं की जाऊ द्या, बाकीचे तर मिळाले ना. त्यावर आम्ही पूर्ण हिशेब मांडला. विमा बदलून वाचणार होते ३,६५०. वापरलेल्या दिवसांचे ४८० वजा केले तर ३,१७० वाचायला हवेत. पण २,९२० कापल्यावर वाचले फक्त ७३०. आणि ताईनं, आम्हाला न विचारता, एजंटाला फाईलचे ५०० रुपये रोख देऊन टाकले होते. म्हणजे राहिले २३०. एवढी धावपळ करून २३० रुपये! तेव्हा सगळ्या म्हणाल्या, आता सोडायचं नाही.

ताईनं कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. असा अधिकारी प्रत्येक विमा कंपनीत असतो आणि त्याचा पत्ता पॉलिसीत छापलेला असतो. पत्रात भांडण नव्हतं, शिव्या नव्हत्या. तीन प्रश्न होते. २,९२० रुपये कोणत्या नियमानं कापले? ११ जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे १२ दिवसांचे ४८० होतात, मग बाकीचे २,४४० कशाचे? ते केव्हा परत देणार? तक्रारीवर १४ दिवसांत कंपनीनं निकाल द्यायचा असतो.

उत्तर आलं. दोन ओळींचं. ‘पॉलिसीच्या अटींनुसार योग्य कपात केली आहे.’ नियम सांगितला नाही, हिशेबही दिला नाही.

मग पुढची पायरी. विमा नियामकाकडं तक्रार नोंदवता येते. त्यांचा फुकट फोन आहे १५५२५५, दुसरा १८०० ४२५४ ७३२. इंटरनेटवर ‘विमा भरोसा’ नावाची त्यांचीच व्यवस्था आहे. सीआरपी ताईंच्या मोबाईलवरून आम्ही तिथं तक्रार टाकली. सोबत पॉलिसी, रद्द करण्याचा अर्ज, पासबुकाचं पान, कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आणि म्हातारीचा हिशेब, सगळं जोडलं. तक्रारीचा नंबर मिळाला, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. ही तक्रार परत कंपनीकडंच जाते, पण आता तिच्यावर नियामकाचं लक्ष असतं.

तिसऱ्या आठवड्यात ताईच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला. २,४४० रुपये जमा. सोबत पत्र की ‘आपल्या विनंतीचा पुनर्विचार करण्यात आला आहे.’ चूक झाली असं त्यात कुठंच नव्हतं. नसू दे. पैसे आले.

एजंटाला दिलेले ५०० मात्र परत आले नाहीत. पावती नव्हती, साक्षीदार नव्हता, फोनवर तो म्हणाला, “कसले पैसे?” ते ५०० ताईनं गटाच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिले, ‘पावती न घेतल्याचे.’ आजही ते पान तसंच आहे. नवी बाई गटात आली की आम्ही तिला ते दाखवतो.

समजा कंपनीनं तरीही ऐकलं नसतं, तर? तर विमा लोकपाल होते. आपल्या जिल्ह्यासाठी ते पुण्याला बसतात. आधी कंपनीकडं लेखी तक्रार केलेली पाहिजे. कंपनीनं नाही म्हटलं, उत्तर पटलं नाही, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, की लोकपालाकडं जाता येतं. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत. फी नाही आणि वकीलही लागत नाही. दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करायची सोय दिली आहे, मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. आधी नुसतं विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. तिथं मराठीत बोलता येतं. फक्त ध्यानात ठेवा, ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर तेच घेऊन लोकपालाकडं जाता येत नाही.

शोरूममधून कोरी गाडी घेणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या मोटारसायकलीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं हे आलं. असा लांबच्या मुदतीचा विमा मध्येच सोडणं ताईच्या एक वर्षाच्या विम्याइतकं सरळ नाही. म्हणून तिथं घाई घेण्याआधीच टाळा. विमा शोरूमवाल्याकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. “विम्याची पाटी वेगळी द्या, मी दुसरीकडं विचारून येते,” एवढं म्हणायचं.

आणि ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांच्यासाठी. कर्ज देताना सोबत जीवन विम्याचा किंवा आरोग्य विम्याचा कागद पुढं करतात. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस ती परत करायची मुभा असते, पॉलिसी वर्षाची किंवा जास्त मुदतीची असेल तर. तेव्हा कंपनी फक्त तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे, डॉक्टरी तपासणी झाली असेल तर तिचे आणि स्टॅम्पचे पैसे कापू शकते. गाडीच्या विम्याला ही ३० दिवसांची सोय नाही, त्याला वर सांगितलेला दिवसांचा हिशेब. दोन्हीची गल्लत करू नका.

शेवटचं. पॉलिसी रद्द केली की काही दिवसांनी फोन येऊ शकतो. “मी विमा नियामकाकडून बोलतोय, तुमचे पैसे अडकलेत, आधी इतके भरा.” फोन ठेवून द्या. नियामक कोणाला फोन करून पैसे मागत नाही. ओटीपी सांगायचा नाही, अगदी मुलाच्या वयाचा गोड बोलला तरी.

तर बायांनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. ज्यांच्या घरी गाडी आहे, मोटारसायकल आहे, विम्याचा कुठलाही कागद आहे, त्यांनी तो घेऊन या. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचा. नाव कोणाचं, तारीख कोणती, पैसे कशाकशाचे, हे तीन प्रश्न विचारा. वर्षाच्या रकमेला ३६५ नं भागून दिवसाचा भाव काढा आणि पॉलिसीच्या कागदावर पेनानं लिहून ठेवा.

ताईच्या पॉलिसीवर आता ३० लिहिलेलं आहे, दिवसाचे ३० रुपये. परवा ती वसमतहून हळद घेऊन आली तेव्हा आम्ही चौघी गाडीत होतो. पोती मागं, आम्ही पुढं, आणि कप्प्यात विम्याचा कागद. कर्जाचा हप्ता वेळेवर चालू आहे.

येतो आम्ही. रामराम.